क्लॉज, फ्रेज आणि साहेबरावांची संगीता

एकतीस वर्षं मी पोरांना इंग्रजीची वाक्यं तोडायला शिकवलं. जोडायला किती जणांना शिकवलं ते कृपा करून विचारू नका. राजूरपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आमची शाळा, तिलाच जोडून अकरावी-बारावी. वरच्या वर्गांना इंग्रजीला मी एकटाच, त्यामुळं आसपासच्या गावांत माझं नाव 'इंग्रजीचे सर' एवढंच उरलं. बाजारात माझ्या बायकोलासुद्धा लोक 'इंग्रजीच्या सरांच्या बाई' म्हणत. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी ते काही सुटलं नाही.

इंग्रजी बोलायचं म्हटलं की माझी आजही पंचाईत होते. पुण्यामुंबईचा कुणी फाडफाड बोलायला लागला की मी हसून मान हलवतो आणि चहा सांगतो. पण वाक्य कागदावर द्या, हातभर लांब असू द्या, मी त्याचा सांधा न् सांधा मोकळा करून देतो. आमच्या पिढीच्या मराठी शाळांतल्या इंग्रजी मास्तरांचं हे असंच. आम्हांला पोहता येत नव्हतं, पण विहिरीची खोली बराबर सांगता यायची.

ज्यांचा व्याकरणाशी संबंध दहावीलाच तुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्रजी वाक्यात शब्दांचे गठ्ठे असतात. ज्या गठ्ठ्यात कर्ता आहे आणि काळ दाखवणारं क्रियापद आहे, तो क्लॉज, म्हणजे उपवाक्य. ज्यात ही जोडी नाही, ती फ्रेज, म्हणजे नुसता शब्दसमूह. 'इन द मॉर्निंग' म्हटलं तर सकाळी, बस्स. कोण, काय करतं, पत्ता नाही. ती फ्रेज. 'व्हेन द बस केम' म्हटलं तर बस आली. कर्ताही आहे, क्रियापदही आहे. हा क्लॉज. पण 'बस आली तेव्हा' एवढं बोलून माणूस गप्प बसला तर ऐकणारा म्हणणार, मंग पुढं काय? म्हणून हा दुय्यम. जो पुढचं सांगतो, तो मुख्य. एवढंच आहे सगळं. या एवढ्याला पोरं वर्षभर घाबरायची.

मी त्यांना गाडी सांगायचो. बैल जुंपलेली गाडी म्हणजे क्लॉज, बैल सोडून उभी केलेली म्हणजे फ्रेज. माल दोन्हींत असतो, पण हलते एकच. दुसऱ्याच्या गाडीला मागून दोरीनं बांधलेली गाडी म्हणजे दुय्यम उपवाक्य. चाकं फिरतात, पण वाट पुढच्याची. पुढं गावातले बैल कमी झाले आणि पोरं विचारायला लागली, सर, जुंपायचं म्हणजे काय? मग मी ट्रॅक्टर आणि ट्रॉलीवर आलो. एकदा वर्ग तपासायला साहेब आल्ते. त्यांनी मागच्या बाकावरच्या पोराला विचारलं, क्लॉज म्हणजे काय? पोरगं छाती काढून म्हणालं, ट्रॅक्टर. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीकडं पाहिलं. शेऱ्याच्या वहीत साहेबांनी 'अध्यापन नावीन्यपूर्ण' असं लिहिलं. त्यांना स्वतःला क्लॉज माहीत होता की नाही, याची मला आजही शंका आहे.

शाळेबाहेरही माझं गिऱ्हाईक कमी नव्हतं. दवाखान्याचे रिपोर्ट, बँकेची पत्रं, औषधाच्या डब्यातली बारीक अक्षरांची घडी, जे जे इंग्रजीत ते ते माझ्या ओसरीवर यायचं. एक शेतकरी फवारणीच्या औषधाचा कागद घेऊन आला. त्यात लिहिलं होतं, पानांवरचं औषध वाळेपर्यंत शेतात जाऊ नये. मी त्यातला 'अनटिल'चा क्लॉज बाजूला काढून त्याला समजावला. तो म्हणाला, म्हणजे जायचं का न्हाई जायचं? मी म्हटलं, जायचं, पण औषध वाळल्यावर. तर म्हणतो, मंग असं सरळ लिवायला त्याला काय धाड भरली होती? त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटला. ज्या वाक्याला तालुक्यात कुणी हात लावत नाही ते मला उकलतं, असं वाटायचं. बोलण्याचीही किंमत असते, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

ते कसं कळलं ते सांगायलाच खरं तर मी बसलोय.

त्यासाठी आमच्या मास्तरांची एक रीत सांगावी लागेल. पालक शाळेत आला आणि 'सर, पोराचं कसं काय?' म्हणाला, की आम्ही एकच उत्तर द्यायचो: "काही खरं न्हाई." पोरगं ढ असलं तरी तेच, हुशार असलं तरी तेच. माझ्या मास्तरांनी माझ्या बापाला हेच सांगितलं होतं, मी पुढच्यांच्या बापांना सांगितलं. त्यामागं हिशोब असा की, चांगलं म्हटलं की पोरगं शेफारतं आणि बाप त्याला शेतात कामाला नेतो. वाईट म्हटलं की बाप घरी जाऊन दोन शब्द सुनावतो, पोरगं महिनाभर पुस्तक धरतं. स्टाफरूममध्ये सगळेच असं म्हणायचे आणि गावातले सरावलेले पालकही ते तेवढंच धरायचे. कौतुक करायची आमच्यात पद्धतच नव्हती. पोराच्या तोंडावर तर नाहीच, पाठीमागंही नाही.

संगीता आमच्याकडं अकरावीला आली. शेजारच्या वाडीहून रोज तीन किलोमीटर चालत यायची. तिचे वडील साहेबराव, चार एकराचे शेतकरी, सरळ माणूस, शाळेची पायरी झेंडावंदनापुरती चढणारा. संगीता दुसऱ्या बाकावर भिंतीकडं बसायची आणि फार बोलायची नाही. मी क्लॉज शिकवताना इतर पोरी मान खाली घालून वहीवर फुलं काढायच्या, ही फळ्याकडं बघत राहायची.

एकदा मी ट्रॅक्टर-ट्रॉलीचं पुराण लावलं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ट्रॅक्टर जोडलेला आहे पण बंद पडलाय, मंग त्याला काय म्हणायचं?" वर्ग हसला. मीही हसलो आणि खाली बस म्हटलं. घरी गेलो आणि जेवता जेवता घास हातात राहिला. पोरीनं विचारलं होतं ते असं: क्रियापदासारखा शब्द आहे, पण त्याला काळ नाही, तर तो क्लॉज की फ्रेज? 'वेटिंग फॉर द बस' यात वाट पाहणं आहे, पण कोण, कधी, काही नाही. मी गाडीचं उदाहरण इतकी वर्षं सांगत होतो आणि त्यातली ही फट मला कधी दिसली नव्हती. रात्री पुस्तकं काढून नीट वाचलं, दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवलं. हा प्रश्न संगीताचा, एवढं म्हणायला मात्र माझी जीभ उचलली नाही. तिनं वहीत लिहून घेतलं आणि माझ्याकडं पाहून थोडी हसली. बस्स, तेवढंच.

बारावीपर्यंत ती अशी तयार झाली की फळ्यावरचं वाक्य मी पूर्ण लिहायच्या आत ती त्याचे तुकडे पाडायची. इतकं असूनही मी तिच्या वहीवर कधी 'छान' असं लिहिलं नाही. चुकलेल्या एका शब्दाखाली लाल रेघ, आणि खाली सही. माझ्या मनात मात्र होतं, ही पोरगी जालन्याला बी.ए.ला गेली पाहिजे, इंग्रजी घेतलं पाहिजे. ते मनात होतं आणि मनातच राहिलं. कुणाला सांगितलं म्हणाल, तर कुणालाच नाही.

सराव परीक्षा झाली आणि मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलो होतो. दुपारची वेळ होती. साहेबराव दारात आले. धुतलेला सदरा, नवी टोपी, हातात काही नाही. हरभरा काढणीला आलेला, अशा दिवसांत हा माणूस काम टाकून, चांगले कपडे घालून शाळेत का आला, हे मी विचारायला पाहिजे होतं. आज लिहितानाही मला राहून राहून तेच वाटतं. मी मान वर केली, बसा म्हटलं, आणि परत पेपरात डोकं घातलं. ते काही बसले नाहीत. इकडचं तिकडचं दोन वाक्यं बोलले आणि मग विचारलं, "सर, पोरगी इंग्रजीत निघंल का?"

संगीताचा पेपर त्याच गठ्ठ्यात वरून तिसरा होता, तपासून झालेला. ऐंशीपैकी सत्तरच्या वर मार्क होते. मी तिथं एका चुकीवर चिडलेलो होतो, कारण ती चूक तिच्याकडून व्हायला नको होती. मी पेन न थांबवता म्हणालो, "काही खरं न्हाई. लई चुका करती अजून." साहेबरावांनी टोपी सारखी केली. मग 'बरं' म्हणाले आणि गेले. मला वाटलं, झालं, आता बाप घरी जाऊन दोन शब्द बोलेल आणि पोरगी शेवटचा महिना नेटानं अभ्यास करेल. मी पुढचा पेपर ओढला.

साहेबराव पहिल्यांदाच शाळेत विचारायला आल्ते. त्यांना आमची ती रीत ठाऊक नव्हती. सर म्हणतात म्हणजे तसंच असणार, असं मानणारा तो माणूस.

संगीतानं परीक्षा दिली. मे महिन्यात तिच्या लग्नाची पत्रिका माझ्या घरी आली. अंबडकडचं स्थळ, मोसंबीची बाग असलेलं घर. पोरगी अठराची झालेली होती, कायद्यानं बोट ठेवायला जागा नव्हती. मला वाईट वाटलं, पण आमच्याकडं पोरींची लग्नं बारावीच्या सुट्टीतच होतात, त्यामुळं मी फार खोलात गेलो नाही. लग्नाला गेलो, जेवलोही. बुंदी दोनदा घेतली. संगीता स्टेजवर मान खाली घालून बसली होती. मी अक्षता टाकल्या, तेव्हा तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मी पटकन बाजूला झालो. कामून झालो, ते तेव्हा मला कळलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. शाळेच्या कॉम्प्युटरवर आम्ही एकेक नंबर टाकून पाहात होतो. संगीताचे इंग्रजीत शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी. आमच्या शाळेत इतके मार्क आजवर कुणाला पडले नव्हते. शिपायानं पेढे आणले. मी निकालाचा कागद खिशात घातला आणि गाडीला किक मारून थेट वाडीला गेलो. मनात आनंद होता, खोटं कशाला बोलू. वाटेत तर मी एकटाच हसत होतो.

साहेबराव अंगणात सरकी निवडत बसले होते. मी कागद पुढं केला. त्यांना वाचता येत होतं. आकड्यावर बोट ठेवून त्यांनी दोनदा पाहिलं आणि विचारलं, "हे इंग्रजीचे?" मी हो म्हटलं. कागद त्यांनी गुडघ्यावर ठेवला. मग सगळं बाहेर आलं. पोरीला पुढं शिकायचं होतं, तुमच्यासारखं इंग्रजी शिकवायचं म्हणायची. जालन्याला मावशीकडं ठेवायचं ठरत आल्तं. तेवढ्यात हे स्थळ आलं, आणि पाहुणे हो की नाही म्हणून अडून बसले. साहेबरावांनी त्यांच्याकडून चार दिवस मागून घेतले आणि त्या चार दिवसांत माझ्याकडं आले. इंग्रजीत निघणार असेल तर पाहुण्यांना नाही म्हणायचं आणि पोरीला जालन्याला धाडायचं, असं मनाशी ठरवूनच त्यांनी तो धुतलेला सदरा घातला होता.

"मला काय हौस होती का, सर?" ते म्हणाले. "तुम्ही म्हणले, काही खरं न्हाई. मंग मी म्हणलं, नापास होऊन पोरगी घरात बसंल, अन् हे चांगलं स्थळ बी हातचं जाईल."

मी त्यांना काय सांगणार? साहेबराव, ते आम्ही सगळ्यांनाच म्हणतो, असं सांगणार? तरीही मी ते सांगितलं. सांगताना माझं मलाच ते इतकं खोटारडं वाटलं की वाक्य अर्धं राहिलं. साहेबराव चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "सगळ्यांनाच म्हणता?" मग त्यांनी घरात हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं. मी ते प्यालो. त्या घरचं पाणी प्यायची माझी लायकी नव्हती, असं मला आजही वाटतं.

निघताना ते गाडीपर्यंत आले. म्हणाले, मार्क तिला सांगू नका, सर. पास झाली एवढंच मी सांगतो. नवं घर आहे, रुळून राह्यली, उगं जिवाला लागंल. नंतर गुणपत्रक ते स्वतः शाळेतून सही करून घेऊन गेले आणि घरातल्या पेटीत ठेवलं. मी शब्द दिला आणि पाळला. पुढं साहेबराव वारले, तेव्हाही मी तिथं संगीताला लांबून पाहिलं आणि काही बोललो नाही.

त्यानंतर मी कोणत्याही पालकाला 'काही खरं न्हाई' म्हटलं नाही. चांगलं असेल तर चांगलं, वाईट असेल तर कुठं वाईट, ते बराबर सांगायचो. वहीवर 'छान' लिहायला लागलो. स्टाफरूममध्ये लोक म्हणायचे, सर म्हातारे झाले, मऊ पडले. पडलो असेन. पण एवढ्यानं माझं मन कुठं भरणार? रस्त्यात पोरगी दिसली की मला संगीता आठवायची, आणि मी मनातल्या मनात तिच्याशी बोलायचो. तेरा वर्षं तेच बोलणं चालू होतं.

यंदा उन्हाळ्यात जमिनीच्या कागदासाठी मी अंबडला गेल्तो. काम झालं नाही, साहेब रजेवर. स्टँडवर जालना गाडीची वाट पाहात बसलो होतो, तर समोरून एक बाई आली आणि वाकून पाया पडली. डोक्यावर पदर, उन्हानं रापलेला चेहरा, हातात बागेच्या औषधाची पिशवी. "ओळखलं का, सर?" म्हणाली. मी डोळ्यांवरूनच ओळखलं.

तिनं मला बळजबरीनं चहा पाजला. माझी तब्येत विचारली, बाईंची विचारली. तिचं ठीक चाललं होतं. नवरा चांगला, कष्टाळू. बाग तीच सांभाळते. एक मुलगी, सहावीत. तक्रार अशी काही नाही. ती बोलत होती आणि माझं निम्मं लक्ष भलतीकडंच होतं. साहेबराव राहिले नाहीत, शब्द कुणासाठी पाळायचा, असं मनात आलं. आज नाही बोललो तर हे माझ्याबरोबर जळणार.

मग मी सगळं सांगून टाकलं. त्या दुपारी मी पेन न थांबवता काय म्हणालो ते, तिचा पेपर माझ्यासमोरच होता ते, आणि निकालाचा कागदही. म्हटलं, संगीता, तुला इंग्रजीत अठ्ठ्याऐंशी होते. शाळेत तुझ्याएवढे कुणाला मिळाले नाहीत. तुझ्या वडलांनी, दादांनी, आणि मी तुझ्यापासून ते लपवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, स्टँडवरच्या लोकांसमोर, काही करता येईना.

ती ऐकत होती. तिला धक्का बसेल, रडेल, निदान दोन शब्द बोलेल असं मला वाटलं होतं. तिनं चहाचा कप बाकाखाली ठेवला.

"आकडा माहीत नव्हता, सर," ती म्हणाली. "पण चांगला गेलाय हे माहीत होतं. पेपर मीच लिवला होता ना."

मी एवढंच विचारलं की, मग लग्न ठरताना तू दादांना सांगितलं कामून नाहीस?

"सांगितलं होतं की. तीन दिवस सांगितलं. म्हणलं, दादा, मी निघते, इंग्रजीत तर मी बराबर निघते. पाहुण्यांना न्हाई म्हणा." तिनं पदर सावरला. "दादा म्हणले, तुला सरांपेक्षा जास्त कळतं का?"

एवढ्यात तिची गाडी लागली. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. ती उठली, पिशवी उचलली आणि पुन्हा माझ्या पाया पडली. मी हात वर केला. आशीर्वादाचा शब्द काही निघाला नाही. ती गर्दीतून वाट काढत गाडीत चढली, खिडकीची जागा मिळाली का ते मी पाहात राहिलो. मिळाली नाही. ती उभ्यानंच गेली.